फोर्टात किल्ला शोधायला निघालात? मग हे वाचून निघा

"फोर्ट, फोर्ट म्हणताय सारखं, पण किल्ला कुठाय?" सीएसएमटीच्या बाहेर पाऊल टाकल्या टाकल्या माझ्या सासऱ्यांनी विचारलं. साताऱ्याचा माणूस, रोज सकाळी दार उघडलं की समोर अजिंक्यतारा, त्यांना फोर्ट म्हटल्यावर तट, बुरूज, निदान एखादा दरवाजा तरी दिसायला नको का. मी अठरा वर्षं याच भागात नोकरी केलेली, रोज डोंबिवलीहून ये-जा, आणि मला उत्तर येईना. "होता, पाडला" एवढंच म्हटलं आणि त्यांना वडापाव खायला घेऊन गेले. पण नंतर ते डोक्यात राहिलं, मग वाचत गेले, सुट्टीच्या दिवशी फिरत गेले, आणि आता गावाकडून कोणीही आलं की घरात माझ्याच नावाने पुकारा होतो. तर इतक्या पाहुण्यांना फिरवून जे शिकले ते इथे लिहितेय, जुनी मुंबई बघायची म्हणजे नक्की काय, कुठून सुरुवात करायची आणि पाय कसे वाचवायचे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा म्हणजे पुढचं सगळं नीट लागतं. या शहरात गोष्टी जिथल्या तिथे नाहीत. इंग्रजांचा कोट होता, त्याला तीन दरवाजे होते, अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट. १८६२ ते १८६७ बार्टल फ्रियर म्हणून गव्हर्नर होता, त्याच्या काळात तटबंदी पाडली, खंदक बुजवले, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत हायकोर्ट, युनिव्हर्सिटी वगैरे मोठमोठ्या इमारती उठल्या. दरवाजे गेले पण नावं राहिली. चर्चगेटला उतरणाऱ्यांपैकी किती जणांना माहितेय की इथलं चर्च कुठलं आणि गेट कुठलं? तसंच पुतळ्यांचं, तसंच काळ्या घोड्याचं, तसंच घारापुरीच्या, म्हणजे एलिफंटा बेटाच्या, हत्तीचं. त्यामुळे फिरताना "हे काय आहे" एवढंच विचारू नका, "हे आधी कुठे होतं" आणि "इथे आधी काय होतं" हे पण विचारा, मजा त्यात आहे.

आता वार. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि इथेच सगळे फसतात, मी पण दोनदा फसलेय. घारापुरीच्या लेणी सोमवारी बंद. रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं म्युझियम आणि मॉडर्न आर्टची गॅलरी पण सोमवारी बंद. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड आणि शेजारची राणीची बाग बुधवारी बंद. मी एकदा नणंदेच्या दोन्ही पोरांना पेंग्विन दाखवते सांगून बुधवारी भायखळ्याला घेऊन गेले, गेटवर कुलूप, धाकट्याने तिथेच फुटपाथवर बसकण मारली आणि अर्धा तास उठला नाही. तेव्हापासून निघायच्या आदल्या दिवशी वेबसाइट बघते नाहीतर सरळ फोन करते. तिकिटाचे दर मुद्दाम लिहीत नाही, बदलत असतात. जुन्या इमारती आहेत, डागडुजीसाठी एखादी गॅलरी किंवा अख्खं म्युझियम पण बंद असू शकतं.

रविवारी फोर्ट रिकामं असतं, निवांत फोटो काढता येतात, रस्त्याच्या मधोमध उभं राहून वर बघता येतं, पण रविवार म्हणजे मेगाब्लॉक हे विसरू नका. ठाण्या-कल्याणकडून येणार असाल तर शनिवारीच रात्री ब्लॉक कुठल्या लाइनला आहे ते बघून ठेवा. आणि फोर्टातली ऑफिसवाल्यांवर चालणारी बरीच हॉटेलं रविवारी बंद असतात, म्हणजे शांतता हवी तर रविवार आणि खाणंपिणं हवं तर शनिवार, माझा कल शनिवारकडे. आता भुयारी मेट्रो पण झालीय, हुतात्मा चौकालाच स्टेशन आहे, त्यामुळे अंधेरीकडच्या लोकांना चर्चगेटला उतरून पायपीट करायची गरज नाही.

दिवसांचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरात नको, घामाने जीव जातो. पावसाळ्यात म्युझियम चालतील पण घारापुरीची बोट समुद्र खवळला की बंद होते. जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा फेस्टिव्हल असतो तेव्हा त्या भागात मुंगीला शिरायला जागा नसते. फेस्टिव्हलच बघायचा असेल तर जा, म्हाताऱ्या माणसांना घेऊन नका जाऊ.

आता माझा ठरलेला रूट. पहिला दिवस फक्त फोर्टचा, आणि सकाळी साडेआठच्या आत सीएसएमटी. उन्हं चढायच्या आत रस्त्यावरचं सगळं बघून घ्यायचं आणि ऊन तापलं की म्युझियमच्या आत शिरायचं. लोक नेमकं उलटं करतात, आधी म्युझियम आणि मग भर दुपारी दोनला फ्लोरा फाउंटन, आणि मग म्हणतात मुंबईत काय बघण्यासारखं नाही.

सीएसएमटी बाहेरून बघायच्या आधी लोकलच्या तिकीटघरात उभं राहा आणि वर बघा. निळ्या छतावर सोनेरी चांदण्या आहेत, त्याला स्टार चेंबर म्हणतात. मी अठरा वर्षं तिथून पास काढला आणि एकदा पण वर बघितलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. मग बाहेर येऊन रस्त्याच्या पलीकडे, महापालिकेच्या इमारतीच्या कोपऱ्यावर जा, तिथून स्टेशन पूर्ण दिसतं. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने डिझाइन केलं, १८७८ ला काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं. गेटच्या खांबांवर एका बाजूला सिंह आणि एका बाजूला वाघ, सिंह म्हणजे ब्रिटन आणि वाघ म्हणजे आपण. घुमटावर वरती मशाल घेतलेली बाई आहे ती राणी नाही, ती प्रगतीची मूर्ती. राणी होती ती मधल्या घड्याळाच्या खालच्या कोनाड्यात, तो कोनाडा आता रिकामा आहे, नीट बघा. दगडातलं कोरीव काम बरंचसं जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलंय. लहान पोरं बरोबर असतील तर त्यांना सांगा, भिंतीवर किती प्राणी सापडतात ते मोजा. वीस मिनिटं पोरं गप्प.

समोरच 'आराम' नावाच्या हॉटेलात वडापाव खाऊन घ्या, नाश्ता झाला. मग डी. एन. रोडने सरळ चालत हुतात्मा चौक, आरामात पंधरा मिनिटं. कमानींच्या खालून चालायचं, सावली असते. फेरीवाले बसायच्या आत गेलात तर खालची फरशी आणि खांब पण दिसतील.

हुतात्मा चौकात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत आणि लोक एकीचाच फोटो काढतात. एक फ्लोरा फाउंटन, १८६४ चं, फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवी. हा जिथे आहे तिथेच आसपास चर्च गेट होतं, म्हणजे तुम्ही कोटाच्या दारातच उभे आहात. दुसरं, हातात मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराचं स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथेच संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, पुढे आंदोलनात शंभरावर माणसं गेली तेव्हा कुठे १ मे १९६० उजाडला. माझे सासरे इथे चप्पल काढून उभे राहिले होते, मागून टॅक्सीवाले हॉर्न मारतायत आणि हे हात जोडून. त्यांच्या थोरल्या भावाने त्या मोर्चांमध्ये लाठ्या खाल्ल्या होत्या हे मला त्या दिवशी कळलं, लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर. म्हणून सांगते, जुनी माणसं बरोबर असतील तर घाई करू नका, त्यांना बोलू द्या.

तिथून डावीकडे हॉर्निमन सर्कलच्या दिशेने वळा. वाटेत सेंट थॉमस चर्च लागतं, १७१८ चं, हेच ते चर्च ज्याच्या नावाचं गेट आणि त्या गेटच्या नावाचं स्टेशन! आत भिंतींवर संगमरवरी स्मारकं आहेत, तरुणपणीच इथे येऊन मेलेल्या इंग्रजांची नावं, आजार, लढाया, जहाजं बुडणं. आत चप्पल चालते पण आवाज नको, प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा. पुढे गोल बाग आणि बागेच्या पलीकडे टाउन हॉल, १८३३ चा, पांढरे भलेमोठे खांब आणि चढून जायला पायऱ्या. यात एशियाटिक सोसायटीची लायब्ररी आहे. पायऱ्यांवर बसून फोटो सगळेच काढतात, तुम्ही ऑफिसच्या वेळेत गेलात तर रीतसर विचारून आत डोकवा. आत संगमरवरी पुतळे आहेत, त्यात आपले नाना शंकरशेट आहेत आणि तट पाडणारा तो फ्रियर पण आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्या सोडून बागेत बसावं, झाडं मस्त आहेत, कोणी उठवत नाही.

नाण्यांची आवड असेल तर रिझर्व्ह बँकेचं म्युझियम इथून अगदी जवळ आहे, लहान आहे, तासाभरात होतं, एसी आहे. आवड नसेल तर सोडा.

आता काळा घोडा. इथे पाहुणे हमखास विचारतात की घोड्यावर माणूस का नाही. तर मूळ काळा घोडा हा नव्हेच. मूळचा होता एडवर्डचा, तेव्हाच्या युवराजाचा, १८७५-७६ ला तो मुंबईत येऊन गेला त्याची आठवण म्हणून ससून घराण्यातल्या माणसाने करून दिलेला. १९६५ ला तो तिथून हलवला. नाव मात्र तसंच राहिलं, पन्नास वर्षं लोक घोडा नसलेल्या जागेला काळा घोडा म्हणत होते, शेवटी २०१७ ला नवा घोडा बसवला, या वेळी वर कोणी स्वार नाही. मूळचा घोडा कुठे गेला ते पुढे सांगते. समोरच वॉटसन्स हॉटेलची इमारत आहे, लोखंडी सांगाडा इंग्लंडहून आणून उभी केलेली, आता पार खिळखिळी झालीय. ७ जुलै १८९६ ला तिथे ल्युमिएर बंधूंचे सिनेमे दाखवले, तिकीट एक रुपया, भारतातला पहिला सिनेमाचा खेळ तो. इमारतीच्या अगदी खालून चालू नका, पलीकडच्या फुटपाथवरून बघा. मागच्या गल्लीत निळं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, १८८४ चं, आतल्या रंगीत काचांवर दहा-अकराच्या उन्हात काय रंग चढतो! आत जायला ओळखपत्र लागू शकतं, आधार ठेवा जवळ.

इथपर्यंत अकरा वाजतात. आता म्युझियम. बेस्टचा कंडक्टर नुसतं "म्युझियम" ओरडतो तेच हे, प्रिन्स ऑफ वेल्स, आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. यातही तीच गंमत आहे. १९०५ ला पायाभरणी, १९१४ ला इमारत तयार, आणि तेवढ्यात महायुद्ध लागलं तर तिचं आधी लष्करी हॉस्पिटल झालं, लोकांसाठी म्युझियम म्हणून उघडलं १९२२ ला. जॉर्ज विटेटची इमारत, घुमट बघून विजापूरचा गोल घुमट आठवला तर बरोबर आठवला.

आत गेल्यावर लोक लगेच मूर्ती बघत सुटतात. थांबा. घुमटाच्या बरोबर खाली मधल्या दालनात उभे राहा आणि लाकडी खांब-कमानी बघा. हे सगळं नाशिकच्या एका वाड्यातलं आहे! विकत घेऊन, उतरवून, इथे आणून बसवलंय. माझी आई नाशिकची, ती त्या खांबाजवळ गेली, जवळून त्याची नक्षी बघितली आणि म्हणाली, "असले खांब आमच्या शेजारच्यांकडे होते, माडी पाडली तेव्हा जळणाला गेले." मला त्यानंतर त्या हॉलमधून नुसतं चालत जाता येत नाही. वर मान करून बघताना पाठीमागून येणाऱ्या शाळेच्या रांगेकडे लक्ष ठेवा, पोरं धडकतात.

म्युझियम कसं बघायचं याबद्दल माझं मत ठाम आहे. सगळं बघायचं नाही. दोन तास, त्याच्या वर मेंदू काम करत नाही, दगडाच्या मूर्ती सगळ्या सारख्या दिसायला लागतात. तिकीट काढताना नकाशा घ्या, मराठीत ऑडिओ गाइड मिळतोय का विचारा, आणि माणशी एक दालन निवडा. आमच्याकडे पोरांचं ठरलेलं, पेंढा भरलेले प्राणी-पक्षी आणि हत्यारं, तिथे अकबराचं चिलखत आहे त्याच्यासमोरून हलत नाहीत. मी मिरपूरखासच्या बुद्धमूर्तींकडे जाते, सिंधमधल्या स्तूपातल्या, भाजलेल्या मातीच्या, आणि मग लघुचित्रं. लघुचित्रांसमोर नाक काचेला लागेल इतकं जवळ जायचं, एकच निवडायचं आणि पाच मिनिटं बघायचं, मग कोपऱ्यातली म्हातारी दासी, झाडावरची खार असलं काहीतरी दिसायला लागतं. बाकी वीस चित्रं राहिली तर राहू देत.

मोठी सॅक नेऊ नका, जमा करावी लागते आणि परत घ्यायला रांग. पाण्याची बाटली बाहेर पिऊन घ्या. बायकांसाठी खास सूचना, स्वच्छ टॉयलेट या अख्ख्या रूटवर भरवशाचं म्हणजे म्युझियममधलंच, निघायच्या आधी जाऊन या, गेटवेला त्याची आठवण काढाल. बाहेर पडलात की शेजारीच जहांगीर आर्ट गॅलरी, फुकट, १९५२ पासून चालूय, कळो न कळो एक चक्कर मारा, चित्रकार स्वतः बसलेला असतो आणि विचारलं की आनंदाने सांगतो.

गेटवे संध्याकाळी. म्युझियमपासून दहा मिनिटं चालत. १९११ च्या डिसेंबरात पाचवा जॉर्ज आला त्याच्या स्वागताची कमान म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण तो आला तेव्हा कमान नव्हतीच, पुठ्ठ्याचं मॉडेल होतं. खरी कमान पूर्ण झाली १९२४ ला, म्हणजे पाहुणा जेवून गेल्यावर तेरा वर्षांनी मांडव. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बोटीत बसून गेली. समोर शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे, १९६१ चा, कमानीकडे पाठ करून सेल्फी काढणारे त्याच्याकडे बघत पण नाहीत, तुम्ही बघा. सुरक्षा तपासणी असते, रांग लागते. फोटोवाले मागे लागतील, हसून नाही म्हणायचं आणि चालत राहायचं.

दुसरा दिवस घारापुरी. गेटवेहून पहिल्या बोटींपैकी एक पकडा, साधारण तासाभराचा प्रवास. बोट लागणाऱ्यांनी वरच्या मजल्यावर बसू नये आणि रिकाम्या पोटी जाऊ नये. धक्क्यावर छोटी ट्रेन असते, म्हाताऱ्यांना त्यात बसवा, पुढे शंभराच्या वर पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूला दुकानं, माकडं सराईत आहेत, हातात मक्याचं कणीस दिसलं की गेलंच समजा. परतीची शेवटची बोट कितीला ते उतरतानाच विचारून ठेवा. लेण्यात शिरलं की आधी डोळे सरावू द्या, मग समोरच्या भिंतीत तीन मुखांचा सदाशिव हळूहळू अंधारातून वर येतो, वीसेक फूट उंच. मोबाइलचा टॉर्च मारू नका हो, कृपा करा, सगळ्यांचं बघणं बिघडतं.

आणि या बेटाचं एलिफंटा नाव पोर्तुगीजांनी ठेवलं ते किनाऱ्याजवळच्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती तिथे शोधू नका. इंग्लंडला न्यायच्या खटपटीत उचलताना पडला, तुकडे झाले, आणि ते तुकडे आले भायखळ्याला.

म्हणून तिसरा अर्धा दिवस भायखळा, आणि हा शेवटीच ठेवायचा, आधी गेलात तर गंमत कळणार नाही. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरून चालत जाता येतं. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, मुंबईतलं सगळ्यात जुनं, १८७२ ला लोकांसाठी उघडलं. तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, १९७५ ला भाऊ दाजींचं नाव दिलं. डॉक्टर, संस्कृतचे पंडित, मुंबईचे पहिले भारतीय शेरीफ, हे म्युझियम उभं राहावं म्हणून झटलेले. आतला हिरवा-सोनेरी रंग आणि लोखंडी खांब बघूनच मन प्रसन्न होतं. इथलं खरं धन म्हणजे मातीची छोटी मॉडेल्स, सोनार, कुंभार, वेगवेगळ्या पगड्या घातलेली माणसं, होड्या. पगड्यांसमोर सासरे आणि पोरं पहिल्यांदाच एकत्र उभी राहिली, हे ओळखतायत आणि ती मोबाइलवर फोटो काढतायत.

बाहेर अंगणात तो हत्ती आहे, जोडलेला, सांधे दिसतात. मागच्या बाजूला गेलात की काळा घोडा, तोच, वर एडवर्ड बसलेला. आसपास आणखी साहेबलोक उभे आहेत, फोर्टातून काढलेले, कोणाचं नाक गेलंय, कोणाचा हात, अंगावर कावळे. तिकडचा चौथरा आणि इथला पुतळा अशी जोडी मनात लावत फिरायचं. एवढ्यासाठीच तर पहिल्या दिवशी इतकं चाललो.

आता सासऱ्यांच्या किल्ल्याचं. तट सगळाच नाही पाडला. सीएसएमटीच्या पी. डिमेलो रोडच्या बाजूला, जिथे गावाकडच्या गाड्या लागतात त्या अंगाला, सेंट जॉर्ज हॉस्पिटलजवळ १७६९ च्या फोर्ट जॉर्जचा एक तुकडा शिल्लक आहे. हे समजायला मला चार वर्षं लागली. पुढच्या खेपेला त्यांना परतीच्या गाडीआधी तिथे घेऊन गेले. काळा दगड, जाड भिंत, आणि आत राज्याच्या पुरातत्व खात्याचं ऑफिस. तिकीट नाही, पाटी नाही म्हटलं तरी चालेल, वॉचमनला विचारून बाहेरूनच बघायचं. सासऱ्यांनी भिंतीला हात लावला, वर बघितलं, खाली बघितलं, आणि म्हणाले, "एवढाच? बरं. चला, गाडी चुकेल."